मुकी मुळी

शालूबाईच्या हाताला चटका लागत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तव्यावरची भाकरी ती उलथन्याशिवाय उलटायची. चुलीतला निखारा दोन बोटांत धरून शेजारच्या केरबाच्या चिलमीवर ठेवायची आणि उकळत्या आमटीचं पातेलं फडकं न घेता उतरवायची. केरबा म्हणायचा, "वैनी, तुमचं हात हायती का सांडशी?" शालूबाई पदर तोंडाला लावून हसायची. चारचौघांत कौतुक व्हावं असं तिच्याकडे फार काही नव्हतं. रंग सावळा, माहेर फाटकं, पोटी एकच लेक आणि तीसुद्धा नवसानं झालेली. त्यामुळे हाताचं हे कौतुक तिला जपून ठेवावंसं वाटे. लग्न होऊन आली तेव्हा तिलाही चटके बसायचे. पण वीस वर्षं चुलीपुढं काढली की हात मुरतो, असं ती नव्या सुनांना ऐकवायची.

गाव कृष्णेच्या काठाला, इस्लामपूरपासून चार कोसांवर. साता समुद्रापलीकडे सरकारची लढाई चालली होती आणि घरटी एक पोरगा पलटणीत होता. असाच एक पलटणीतला पोरगा शालूबाईच्या सुंद्राला सांगून आला होता. घर कराडजवळचं, बारमाही पाण्याची उसाची जमीन, माणसं नावाजलेली. पोराला रजा मिळणार होती वैशाखात, आणि त्याआधी त्याची आत्या भामाबाई पोरीला नारळ द्यायला येणार होती. नारळ हे निमित्त. ही भामाबाई मुलगी अशी बघायची की बाजारात गाय बघणाऱ्यानं लाजावं. न्हाऊ घालायच्या मिषानं पोरीला उघडी करून केसांच्या मुळापासून पायाच्या नखापर्यंत तपासायची. मागच्या साली एकीला तिनं पायाचं बोट वाकडं म्हणून परत धाडलं होतं.

ती यायला पंधरा दिवस उरले होते, आणि सुंद्राच्या डाव्या कानाखाली डाग निघाला.

केस धुताना शालूबाईला तो दिसला. चिंचोक्याएवढा, फिकट, कडा धुरकट. तिनं आधी राख समजून बोटानं पुसला. मग शिकेकाई लावून घासला. डाग होता तिथंच होता. "काय गं आयं?" सुंद्रानं विचारलं. "काय न्हाई, मळ हाय," शालूबाई म्हणाली, आणि तिनं ओले केस ओढून डाग झाकला.

फिकट डाग म्हणजे काय असतं हे गावाला शिकवावं लागत नव्हतं. साधं शिबं असलं तर देवाची कृपा. कोड असलं तर लग्न मोडलं. आणि तिसरं काही असलं, तर त्याचं नाव घ्यायलाही कुणी धजत नसे. महारोगाला सगळे 'थोरलं दुखणं' म्हणायचे. ते दुखणं गावानं पाहिलं होतं. ओढ्यापल्याडच्या खोपटात हरिबा राहायचा. एके काळी तो फडातला पैलवान होता. एक दिवस पारावर बिडी ओढत बसला असताना ती बिडी बोटापर्यंत जळत आली. कातडं करपल्याचा वास बाकीच्यांना आला, हरिबाला कळलं नाही. मग पाठीवरचे फिकट डाग सापडले, आणि आठ दिवसांत त्याची वळकटी ओढ्यापलीकडे गेली. आता त्याच्यासाठी भाकरी अलीकडच्या दगडावर ठेवायची आणि आपण मागं फिरायचं. ठेवणाऱ्याची पाठ फिरल्याशिवाय त्यानं यायचं नाही, असा गावाचा दंडक होता. हरिबा ओढ्यापलीकडे गेला त्याला सहा वर्षं झाली, पण त्याच्या दोघी बहिणी अजून बिनलग्नाच्या घरात बसलेल्या होत्या. एकाला झालं की सगळ्या घराच्या दाराला कुलूप.

नवरा आकाराम गुळाच्या गाड्या घेऊन सांगलीच्या पेठेत गेला होता. यायला तीन दिवस होते. हे तीन दिवसच काय ते आपले, असं ठरवून शालूबाई दुसऱ्या दिवशी अंबूबाईकडे गेली.

अंबूबाई म्हणजे मुळ्यांची म्हातारी. डोंगराच्या कडेला एकटी राहायची. आंबेहळद, कचोरा, मंजिष्ठा, उपळसरीची मुळं वाळवून कुटून तिनं केलेलं नवरीचं उटणं कराडपर्यंत जायचं. ते लावलं की काळ्या पोरीच्या गालावरही हळदीचं ऊन पडतं, असं बायका म्हणत. लग्न ठरलेल्या पोरीला घेऊन तिच्याकडे जाणं ही जगरहाटी होती, म्हणून वाटेत भेटलेल्या बनुबाईला शालूबाई बिनधास्त म्हणाली, "उटणं आनायला चाललोय." बनुबाई शेजारीण, आणि तिच्या पोटात तीळ भिजत नसे.

अंबूबाईनं सुंद्राला उजेडाकडे तोंड करून बसवलं. डाग बघितला. नखानं खरवडला, हुंगला, पुन्हा बघितला. मग सुंद्राला म्हणाली, "जा बाळा, भाईर कोंबड्यास्नी दाणं टाक जा." पोर गेल्यावर तिनं शालूबाईकडे तोंड वळवलं.

"शिबं वाटतंय मला. पर माज्या वाटण्यावर काय हाय? डोळं आता पैल्यासारखं ऱ्हायलं न्हाईत."

"मग वो?"

"मुळीला इचारू."

तिनं कोपऱ्यातल्या मडक्यातून फडक्यात गुंडाळलेलं मूळ काढलं. करंगळीएवढं जाड, तांबूस सालीचं. वैद्य त्याला चित्रक म्हणतात. अंबूबाई त्याचं नाव कधी उच्चारायची नाही. तिच्यासाठी ती नुसती 'मुकी' होती.

"ह्येची साल सहाणंवर उगाळून लेप लावायचा. ही मुळी आग हाय आग. जित्या कातड्याला लावली तर माणूस नाचतंय. दुसऱ्या दिशी फोड येतोय, खपली धरती, खपलीसंगं डाग जातोय. भामाबाईला सांग तव्याचा चटका बसला म्हनून." म्हातारी थांबली. "जळलं तर सोनं समज. न जळलं, तर मग पोरगी माज्याकडं आणू नगंस. मिशनच्या दवाखान्यात न्हे. तितं थोरल्या दुखण्यावर तेलाच्या सुया देत्यात."

शालूबाईनं मूळ फडक्यासकट ओटीत घेतलं.

"आनि नीट ऐक," अंबूबाई म्हणाली. "मुळी मुकी हाय. ही मी न बोलता खणलीया, तूबी न बोलता लावायची. उगाळायला घेतली की लेप धुईपतोर तू बोलायचं न्हाई आनि पोरीनंबी न्हाई. शबुद निगाला की गुण गेला. करंगळीशेजारच्या बोटानं लाव, औषीद त्याच बोटानं लावायचं असतंय. पर आदी बोटाला तूप चोळ, न्हाईतर तुजंबी बोट सोलून निगंल. मुळी काय माणूस वळकत न्हाई. दोन शेर जुंधळं दळून हुत्याली तेवढा येळ ठेव, मग ताकानं धू."

घरी येताना सुंद्रा विचारत होती, उटण्याचा वास कसा असतो, गाल किती उजळतात, आणि नवरा पलटणीत कुठल्या गावाला असतो. शालूबाई हूं हूं करत होती. ओढ्याशी आल्यावर तिनं पलीकडे बघितलं नाही. रोज बघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली गडीमाणसं रानात गेल्यावर तिनं दाराला आतून कडी घातली. सुंद्राला जात्याशेजारी घोंगड्यावर उजव्या कुशीला निजवलं आणि बजावलं, "हे बघ. जळंल. पर वराडलीस, तर सगळं मुसळ केरात. लगीन गेलं समज. हालायचं न्हाई आन् तोंडातनं शबुद काढायचा न्हाई." सुंद्रानं मान हलवली. सतरा वर्षांची पोर, वराचा फोटोही न बघता त्याच्यासाठी सगळं सोसायला तयार झालेली.

मग शालूबाईनं सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि उगाळायला घेतलं, आणि घरातला आवाज संपला.

भीतीनं माणसाची अक्कल जाते म्हणतात, ते उगीच नाही. तुपाची वाटी तिनं आठवणीनं कोनाड्यात काढून ठेवली होती. वर झाकण होतं. ते तिनं उघडलंच नाही. तिचे डोळे त्या डागावर खिळलेले, आणि मनात एकच गोष्ट: आता लावलं की पोर कळवळली पाहिजे. देवा, माझी पोर कळवळू दे. आपल्या लेकराला दुखावं म्हणून नवस बोलणारी आई तोवर त्या गावात झाली नसेल. तिनं करंगळीशेजारच्या बोटावर लेप घेतला आणि डागावर गोल फिरवला. सहाणेवर उरलेला बोटांनी निपटून तोही लावला. मग हात लुगड्याला पुसले, जात्याशी बसली आणि दोन शेर जोंधळे पुढ्यात ओढले.

पहिली मूठ घातली. सुंद्रा डोळे मिटून होती.

जातं फिरायला लागलं. एरवी शालूबाईचं जातं ओवीशिवाय फिरत नसे. आज नुसतीच घरघर. शालूबाई पोरीच्या तोंडाकडे बघत होती. कपाळाला आठी पडते का, ओठ थरथरतो का, पायाचं बोट तरी हलतं का. काही नाही. पोर निजल्यासारखी निवांत होती.

म्हातारी म्हणाली होती, माणूस नाचतंय.

पाव शेर झाले. अर्धा शेर झाले. शालूबाईला घाम फुटला. विचारावंसं वाटलं, सुंद्रे, जळतंय का गं? एवढंच विचारायचं. प्रश्न जिभेवर आला, पण गुण जाईल. आणि समजा साधं शिबंच असलं आणि तिच्या एका शब्दानं औषध वाया गेलं तर? शब्द तिनं गिळला. गरगर फिरणाऱ्या जात्यात तिला ओढ्यापलीकडचं खोपट दिसायला लागलं. हरिबाच्या खोपटाशेजारी दुसरं खोपट. दारात सुंद्रा. अलीकडच्या दगडावर भाकरी ठेवायची आणि पाठ फिरवायची. पाठ फिरवल्याशिवाय पोर येणार नाही. ती येते का, खाते का, हे वळूनही बघता यायचं नाही.

"शाले!" भिंतीपलीकडून बनुबाईचा आवाज आला. "आज ओवी न्हाई ती?"

शालूबाईनं जात्याचा वेग वाढवला.

"आगं ए, इचारत्ये मी! बरं न्हाई काय?"

उत्तर न मिळाल्यावर बनुबाई गप्प बसणारी नव्हती. तिच्या पायांचा आवाज अंगणात आला, दारापाशी आला. कडी हलली. सुंद्राच्या मानेवर तो तांबूस लेप उघडा होता. शालूबाईनं एका हातानं दळण चालू ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पोरीवर लुगड्याचं धडपं ओढलं. कडी पुन्हा हलली. "रुसलीस जनू माज्यावर," बनुबाई स्वतःशीच म्हणाली. "आता लेक थोरामोठ्याच्या घरी निगाली, मग आमी कोन?" आणि पाय परत गेले.

दोन शेर संपले. सुंद्रा हलली नव्हती.

आता धुवायला पाहिजे होतं. पण धुतलं म्हणजे संपलं, मग कळून चुकायचं. शालूबाईनं डब्यातून आणखी एक ओंजळ जोंधळे काढले आणि दळायला घेतले. आणखी थोडा वेळ दिला तर कदाचित जळेल. मग तिला धीर धरवेना. तिनं ताकाचं मडकं ओढलं, फडकं बुडवलं आणि लेप पुसून काढला. खालचं कातडं लालबुंद झालं होतं. शेवटचा थेंब निथळला आणि सुंद्रानं तोंड उघडलं.

"आयं, मेले गं! आगं आयं, लय जळलं! निखारा ठेवल्यागत जळलं गं!"

ती उठून बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. तिच्या तोंडातून निसटलेला धडप्याचा कोपरा चावून चोथा झाला होता. कुशीखाली दाबलेल्या मुठी उघडल्या तर तळहातावर नखांचे चार चार चंद्र उमटले होते, त्यातल्या दोनातून रक्त आलं होतं. पोरीनं आईचा शब्द पाळला होता, नको इतका पाळला होता.

"जळलं?" शालूबाईनं विचारलं. "खरंच जळलं? कुटं, डागावरच का?"

"डागावरच! मदोमद!"

शालूबाईनं तिला छातीशी धरलं आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, पुन्हा हसली. सुंद्रा चिडली. "मी हितं मरत्ये आन् तू हसतीस?" "हसू दे गं बाय," शालूबाई म्हणाली. "आज मला हसू दे."

त्या दिवशी तिनं गूळ घालून शेवया केल्या. बनुबाईला वाटी नेऊन दिली आणि दाताच्या दुखण्यानं बोलवत नव्हतं अशी थाप मारली. दुपारी हरिबाच्या दगडावर रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त ठेवली, त्यावर गुळाचा खडा ठेवला. बिचारा, असं तिच्या मनात आलं. आपण सुटलो की दुसऱ्याची कीव करायला सवड मिळते. रात्री सुंद्रा मानेला वारा घालत कण्हत होती आणि ते कण्हणं ऐकत शालूबाईला गाढ झोप लागली.

सकाळी सुंद्राच्या कानाखाली टपोरा फोड आला होता, पाण्यानं भरलेला. अंबूबाई म्हणाली होती तस्साच. शालूबाईनं तो डोळे भरून बघितला. मग चूल पेटवली आणि भाकरीला बसली. आकाराम दुपारपर्यंत येणार होता.

पहिली भाकरी थापताना पीठ परातीला चिकटायला लागलं. पाणी जास्त झालं असेल म्हणून तिनं पीठ भुरभुरलं. दुसरीलाही तेच. थापलेल्या भाकरीवर एका बाजूला ओला डाग उमटायचा, बोट फिरेल तिथं. तव्यावर टाकली की तिथं चर्रर्र वाजायचं. "आज हाताला काय झालंया कुनास ठावं," ती पुटपुटली.

सुंद्रा चुलीशेजारी मान वाकडी करून बसली होती. ती एकदम म्हणाली, "आयं, तुज्या बोटाला काय झालं?"

शालूबाईनं हात वर केला. करंगळीशेजारच्या बोटाचं कातडं पेरापर्यंत सोलून लोंबत होतं. करंगळीच्या बाजूला दुसरा फोड फुटला होता. आत लालभडक मांस, आणि त्यात जोंधळ्याचं पीठ बसलेलं. बोटावरून पाणी ओघळत होतं.

आधी तिला वाटलं, हे बोट दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

मग कोनाड्यातली तुपाची वाटी दिसली. झाकण तसंच होतं. बिनतुपाच्या बोटानं तिनं लेप लावला होता, सहाण निपटली होती, मग दोन शेर आणि वर ओंजळभर जोंधळे दळले होते. काल दिवसभर, रात्रभर. माणूस नाचतंय, म्हातारी म्हणाली होती. शालूबाई नाचली नव्हती. शालूबाई घोरत पडली होती.

तिनं दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख करंगळीच्या उघड्या मांसात रुतवलं. हळू, मग जोरात. नख आत गेलेलं डोळ्यांना दिसलं. बाकी काही नाही.

चुलीतली लाकडं तडतडत होती. निखारा, पातेलं, केरबाची चिलीम, नव्या सुनांना ऐकवलेला मुरलेला हात. इतकी वर्षं जे कौतुक म्हणून मिरवलं, ते काय होतं हे तिला कळलं. करपलेल्या कातड्याचा वास बाकीच्यांना आला होता, हरिबाला नाही. आणि हरिबाच्या बहिणी अजून घरात बसल्या होत्या.

"आयं!" सुंद्रा जवळ सरकली. "आगं किती सोललंय! मुळी लागली व्हय? लय जळत आसंल न्हवं? मला तर रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

ती आईचा हात धरायला पुढं झाली. शालूबाईनं झटक्यानं हात मागं घेतला.

पोर बघत होती. कानाखाली तो टपोरा फोड. दहा दिवसांत खपली पडेल, भामाबाई येईल, नारळ देईल. आईच्या हाताचं कुणाला कळलं नाही, तरच देईल.

"व्हय गं," शालूबाई म्हणाली. काल रात्रभर सुंद्रानं घेतला तसा तिनं दातांतून श्वास ओढला. "लय जळतंय. आगीवानी जळतंय. आई गं."

"फुकर घालू?"

"नगं! लांब ऱ्हा." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तव्याचा चटका बसला म्हनून सांग, कोन इचारलं तर. आन् आजपासनं भाकरी तूच थापायची. सासरी गेल्यावर काय आयला बलवनार हायस?"

तव्यावरची, टोपलीतली, परातीतली सगळी भाकरी तिनं गोळा केली आणि फडक्यात बांधली. ती घरात कुणी खायची नाही. कुठं ठेवायची ते तिला ठाऊक होतं. परात तिनं राखेनं दोनदा घासली, आणि पोरीपुढं सरकवून स्वतः उंबऱ्याशी जाऊन बसली. हात पदरात गुंडाळलेला होता.

सुंद्रानं वेडीवाकडी भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि आईसारखीच हातानं उलटायला गेली. दुसऱ्या क्षणाला तिनं बोटं झटकून तोंडात घातली.

"आयं गं! मला न्हाई जमत तुज्यावानी. चटका बसतोय."

शालूबाईनं तिच्याकडे बघितलं नाही. ती ओढ्याच्या दिशेला बघत होती.

"बसू दे," ती म्हणाली. "बसू दे गं माजे बाय. बसतोय तवर बरं हाय."